“दारूनें केलें” हें उत्तर कोर्टांत चालत नाहीं



गेल्या पंधरवड्यांत आमच्या शाळेंतल्या सातवीच्या एका मुलानें आम्हांस प्रश्न केला, “गुरुजी, दारूच्या तारेंत कोणी मेला तर तो खून धरीत नाहींत ना?” प्रश्न पुस्तकांतला नव्हता. त्याचा चुलता बांधाच्या भांडणावरून तुरुंगांत आहे, आणि त्या भांडणांत जो मेला त्याची मुलगी त्याच वर्गांत दोन बाकें पुढें बसते. मुलगा विचारीत होता तेव्हां तिनें मान वर केली नाहीं. पण तिचें लिहिणें थांबलें होतें. आम्हीं “उद्यां सांगूं” म्हणून वेळ मारून नेली, कारण खरें सांगावयाचें तर आम्हांसच नीट ठाऊक नव्हतें. पुढें तालुक्याच्या एका वकील मित्राकडून कायद्याचीं पुस्तकें आणलीं, चार रात्री बसून वाचलीं, अडलें तेथें त्यांस विचारलें. त्यांतून जें समजलें तें आज तुमच्यापुढें ठेवितों. मुलास उत्तर द्यावयाचें तर तें आधीं त्याच्या घरच्यांस दिलें पाहिजे. ही समजूत त्यानें घरांतच ऐकलेली आहे. त्या खटल्याविषयीं मात्र आम्ही एक अक्षरहि बोलणार नाहीं. तो कोर्टापुढें आहे आणि दोन्ही घरचीं माणसें या सभेंत बसलीं आहेत.

आपल्या लोकांत याविषयीं तीन समजुती आहेत. पहिली, दारू प्यालेला माणूस शुद्धीवर नसतो, म्हणून त्याला कायदा माफी देतो. दुसरी, आधीं कट केला नसेल, ऐन वेळीं हात उठला असेल, तर तो खून होत नाहीं. तिसरी या दोहोंपेक्षां वाईट. कित्येकजण मनांत वैर धरून, मुद्दाम आधीं गुत्त्यावर जाऊन, मग कोयता उचलतात. धीर तर येतोच, आणि पुढेंमागें “तारेंत होतों” म्हणावयास जागाहि राहते, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्याचें फार उशिरां कळतें.

सत्यशोधक समाजानें १८७३ सालापासून आपल्या बापजाद्यांस काय शिकविलें? शनि वक्री झाला म्हणून पीक बुडालें, ग्रह फिरले म्हणून घर बसलें, असें सांगणाऱ्या पंचांगवाल्याचें ऐकूं नका. जें आपल्या हातून झालें त्याची जबाबदारी आपली. आतां पंचांग गेलें आणि त्याच्या जागीं बाटली आली. “मीं नाहीं केलें, दारूनें केलें” हें बोलणें आणि “मीं नाहीं केलें, अंगांत आलें होतें” हें बोलणें, दोहोंत आम्हांस कांहीं अंतर दिसत नाहीं. जोतीराव पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद असतांना १८८० सालीं त्यांनीं शहरांत वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिलें होतें, हेंहि येथें सांगून ठेवितों. दारूनें कष्टकऱ्याचें घर कसें धुऊन जातें हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें.

आतां कायद्याकडे वळूं. इंग्रज सरकारनें १८६० सालीं केलेलें इंडियन पीनल कोड १८६२ च्या आरंभापासून चालू होतें. तें जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्या तारखेच्या आधीं घडलेला गुन्हा जुन्या कायद्याखालीं चालतो, नंतरचा नव्याखालीं. वकिलांच्या तोंडचे आंकडे बदलले आहेत, पण आपल्या विषयापुरता मजकूर जवळजवळ तोच आहे. जुनीं ८५ व ८६ हीं कलमें आतां २३ व २४ झालीं. खुनाच्या शिक्षेचें ३०२ तें १०३ झालें. सदोष मनुष्यवधाच्या शिक्षेचें ३०४ तें १०५ झालें.

कलम २३ असें सांगतें कीं, एखाद्यास त्याच्या नकळत किंवा त्याच्या मर्जीविरुद्ध नशा चढविली, आणि त्या नशेंत आपण काय करीत आहों हें, अथवा आपण करतों तें गैर आहे हें, समजण्याची त्याची शक्तिच गेली, तर त्याचें तें कृत्य अपराध होत नाहीं. सरबतांत कोणी कांहीं कालवून दिलें, किंवा चौघांनीं धरून नाकतोंड दाबून पाजली, असा हा प्रकार. पण लग्नांत पाहुण्यांनीं आग्रह केला, मित्रांनीं शपथ घातली, मुकादमानें फुकट दिली, आणि आपण आपल्या हातानें पेला तोंडाला लावला, ही बळजबरी नव्हे. शिवाय नकळत पाजल्याचें दाखवून देण्याचा भार आरोपीवर असतो. आपल्याकडे खेड्यांत जेवढे दारूचे खटले होतात त्यांत हें कलम क्वचितच कामास येतें, म्हणून त्यावर जास्त वेळ घालवीत नाहीं.

खरा घोळ कलम २४ चा आहे. हें आपल्या पायांनीं गुत्त्यावर गेलेल्या माणसाचें कलम. नीट ऐका, कारण यांत एका शब्दाचा फरक आहे आणि त्या एका शब्दावर माणसाचीं वर्षेंच्या वर्षें जातात.

गुन्ह्यांत मनाच्या दोन गोष्टी पाहतात. एक जाणीव, म्हणजे या कृत्यानें काय होईल हें ठाऊक असणें. दुसरा हेतु, म्हणजे तें व्हावें अशी इच्छा धरणें. रात्रीं भरल्या गोठ्याजवळ शेकोटी तशीच सोडून जाणाऱ्यास आग लागेल ही जाणीव असते, हेतु नसतो. शेजाऱ्याच्या गंजीला काडी लावणाऱ्यास दोन्ही असतात. कलम २४ म्हणतें कीं, स्वखुशीनें प्यालेल्या माणसास, तो प्यालेला नसता तर जी जाणीव असती, तीच जाणीव होती असें धरून चालावें. म्हणजे कुऱ्हाड डोक्यांत बसली कीं माणूस मरतो, हें शुद्धीवरच्या कोणासहि कळतें. तेव्हां प्यालेल्यासहि तें कळत होतें असें कोर्ट धरणार. “मला कळलें नाहीं” हा दरवाजा बंद झाला.

मात्र हेतूविषयीं कलम तसें म्हणत नाहीं. हेतु होता असें आपोआप धरीत नाहींत. तो आजूबाजूच्या गोष्टींवरून शोधतात, आणि तो शोधतांना नशा किती चढली होती हेंहि लक्षांत घेतात. इंग्लंडांत लॉर्ड्सच्या सभेनें १९२० सालीं एका खटल्यांत असाच विचार केला होता: माणूस इतका प्यालेला असेल कीं त्याच्या मनांत तो ठराविक हेतु उभाच राहूं शकत नव्हता, तर तें जमेस धरावें; पण दारूमुळें राग लवकर आला, हात लवकर उठला, एवढ्यानें कांहीं बदलत नाहीं.

आपल्या देशांत यावरचा मोठा निवाडा १९५६ सालचा आहे. पंजाबांत त्या वेळीं पेप्सू नांवाचें राज्य होतें. तेथील एका खेड्यांतलीं माणसें दुसऱ्या गांवीं लग्नास गेलीं होतीं. १२ मार्च १९५४ रोजीं दुपारीं मुलीच्या घरीं जेवणाच्या पंक्ती बसत होत्या. दारू पाण्यासारखी वाहिली होती. लष्करांतून निवृत्त झालेला एक जमादार बसावयास आला. पुढें पंधरासोळा वर्षांचा त्याच्याच गांवचा पोर बसला होता. जमादार म्हणाला, जरा सरक. पोर सरकला नाहीं. जमादारानें पिस्तूल काढलें आणि त्याच्या पोटांत गोळी घातली. पोर मेला. दोघांत वैर नव्हतें, कट नव्हता, कांहींच नव्हतें. कारण तें काय, तर पंक्तींतली जागा!

खालच्या कोर्टानें मान्य केलें कीं हा माणूस फार प्यालेला होता. एक साक्षीदार तर तो जवळजवळ बेशुद्ध होता असें म्हणाला. वैर नाहीं आणि पूर्वसंकल्प नाहीं हें पाहून त्यास फांशी न देतां काळ्या पाण्याची जन्माची शिक्षा दिली. जमादार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हा खून नव्हे, नशेंत हेतु कोठून येणार, असें त्याचें म्हणणें. न्यायालयानें १७ एप्रिल १९५६ रोजीं निकाल दिला. त्यांनीं काय पाहिलें तें लक्षांत ठेवा. तो अडखळत होता, बोलणेंहि मधून मधून विसंगत होतें, हें खरें. पण तो आपल्या पायांनीं चालत आला, आपली जागा आपण शोधली, नीट बोलला, गोळी झाडल्यावर पळूं लागला, आणि पकडल्यावर माझ्या हातून झालें, क्षमा करा, असें म्हणाला. क्षमा मागणाऱ्यास आपण काय केलें तें कळतें. जवळून पोटांत गोळी घालणारा जें होणार तेंच इच्छितो, असें धरून खुनाचा गुन्हा कायम झाला.

हा निवाडा वाचून आम्हीं पुस्तक मिटलें आणि थोडा वेळ तसेच बसलों. आपल्याकडच्या किती लग्नांत, किती उरुसांत, किती पोळ्याच्या मिरवणुकींत अशाच क्षुल्लक कारणावरून हात उठतात! पिस्तूल नसतें म्हणून निभावतें, एवढेंच. आणि पाहा, पूर्वसंकल्पाचा पत्ता नसतांना तो खून ठरला. आपली दुसरी समजूत येथें पडते. अमेरिकेंत पेनसिल्व्हानिया संस्थानानें १७९४ सालीं खुनाचे दोन दर्जे पाडले, आणि आधीं विचार करून केलेला खून पहिल्या दर्जाचा ठरविला; तेथें पुष्कळ संस्थानांत आज तशीच वाटणी आहे. आपल्या कायद्यांत ती नाहीं. आपल्याकडे हेतु एका क्षणांत उभा राहिला तरी तो हेतुच.

पूर्वसंकल्प नसण्याचा उपयोग आपल्या कायद्यांत एका ठिकाणीं होतो. अचानक भांडण पेटलें, त्यांतून अचानक मारामारी झाली, डोकें तापलेल्या भरांत, आधीं न ठरवितां घाव बसला, आणि मारणाऱ्यानें गैरफायदा घेतला नाहीं किंवा क्रूरपणा केला नाहीं, तर तो खून न होतां सदोष मनुष्यवध होतो. या अपवादांत दारूचा उल्लेखहि नाहीं. तो प्यालेल्यासहि आहे आणि न प्यालेल्यासहि. पण भांडण सोडून घरीं गेला, कुऱ्हाड घेऊन परत आला, पडलेल्यावर घाव घालीत राहिला, कीं अपवाद हातचा गेलाच म्हणून समजा. घरापासून बांधापर्यंतची ती पांच मिनिटांची वाट कोर्टांत फार लांब होते.

तर मग दारूचा आरोपीस उपयोग कितपत? झाला तर एवढाच, कीं हेतु शाबीत होत नाहीं असें ठरलें, तर खुनाऐवजीं सदोष मनुष्यवध धरतील. खुनास फांशी किंवा जन्मठेप. सदोष मनुष्यवधांत हेतु असेल तर जन्मठेप किंवा पांच ते दहा वर्षें. नुसती जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंत. आणि दंड वेगळा. सुटका कोठेंच नाहीं. दहा वर्षांत आपली पोरगी लग्नाची होते आणि सोसायटीचें कर्ज चौपट होतें. त्यांतहि जाणीव धरून चालतात म्हटल्यावर, कृत्य इतकें भयंकर असेल कीं मृत्यु बहुतेक ठरलेलाच, तर नुसत्या जाणिवेवरूनहि खून ठरूं शकतो.

हें रॉकेलच्या खटल्यांत दिसतें, आणि आमच्या भगिनींनीं याकडे लक्ष द्यावें. राजस्थानांतील एक खटला २००० सालच्या निवाड्यांच्या ग्रंथांत आहे. नवरा झिंगून आला, आणखी दारूसाठीं बायकोचे दागिने मागूं लागला, तिनें दिले नाहींत, तेव्हां रॉकेल ओतून काडी लावली. पण ज्वाळा उठतांच तोच पाणी ओतून विझवूं लागला. त्या पाण्यावरून सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं ती मरावी असा त्याचा हेतु दिसत नाहीं. खून नव्हे, सदोष मनुष्यवध. उलट आपल्या महाराष्ट्रांतल्याच एका नवऱ्यानें नशेंत बायकोस रॉकेल ओतून पेटविलें, आणि तो हाच जुना निवाडा पुढें करूं लागला. न्यायालयानें २०१४ सालीं तो लागू केला नाहीं. खुनाची शिक्षा कायम ठेविली. वर असें म्हटलें कीं नशा ही बचावाची बाब नव्हे. कधींमधीं पिणाऱ्याच्या बाबतींत ती शिक्षा सौम्य करण्याच्या कामीं येईल, पण रोजच्या पिणाऱ्याच्या बाबतींत ती दोष वाढविणारीच. प्राचीन ग्रीसमधील मिटिलीनी गांवच्या पिटॅकस नांवाच्या शास्त्यानें प्यालेल्या गुन्हेगारास दुप्पट शिक्षा ठेविली होती म्हणतात. तेवढें पुढें जाण्याची गरज नाहीं, पण रोज रात्रीं बायकोस मारणाऱ्यानें “मी पितोंच, सर्वांस ठाऊक आहे” असें सांगून सहानुभूति मागावी, यास काय म्हणावें?

आतां ती तिसरी समजूत, मुद्दाम धीरासाठीं पिण्याची. उत्तर आयर्लंडांत एका माणसानें बायकोस ठार मारण्याचें मनांत ठरविलें. मग त्यानें एक सुरी आणि एक व्हिस्कीची बाटली विकत घेतली. बाटली प्याला आणि सुरी चालविली. कोर्टांत म्हणाला, मी प्यालेला होतों. लॉर्ड्सच्या सभेनें १९६१ सालीं सांगितलें कीं, शुद्धीवर असतांना जो दुष्ट बेत केला तोच शिक्षेस पुरे. बेत पार पाडण्याच्या वेळीं तूं किती प्यालेला होतास हें आम्ही पाहत नाहीं. हा परक्या देशाचा निवाडा, आपल्या कोर्टांस बंधनकारक नाहीं. पण आपल्याकडेहि हेतु आजूबाजूच्या गोष्टींवरून काढतात, आणि गुत्त्यावर जाण्यापूर्वीं कोयत्यास धार लावली, दुपारींच चौघांत “आज त्याला सोडत नाहीं” म्हणाला, वाट अडवून बसला, या सर्व गोष्टी साक्षीदार सांगतात. मग ती बाटली आरोपीची ढाल होत नाहीं. ती तयारीच्या यादींत जाते.

येथें एक गोष्ट आम्हांस फार दिवस सांगावयाची होती. आपल्या गांवांत भांडण कोणाचें असतें आणि तुरुंगांत कोण जातो? वाट अडली मोठ्या बागाईतदाराची, निवडणूक हरली पुढाऱ्याची, आणि कुऱ्हाड मात्र गड्याच्या हातांत. संध्याकाळीं वाड्यावर बोलावतात, कोंबडें शिजवितात, पहिल्या धारेची पाजतात, पाठीवर थाप मारतात, आणि “तूंच काय तो मर्द” म्हणतात. सकाळीं गडी पोलिसांच्या गाडींत, आणि धनी पंचनाम्याला पंच! गड्यास वाटतें, धनी सोडवील. आणि नाहींच सोडविलें तरी प्यालों होतों हें आहेच. बाबांनो, दुसऱ्यानें पाजली तरी तुम्हीं खुशीनें प्यालांत, म्हणून कलम २३ तुम्हांस नाहीं. पण धन्यासहि कायदा सोडीत नाहीं. गुन्ह्यास चिथावणारा, तो घडावा म्हणून मदत करणारा, यास अपप्रेरणा म्हणतात, आणि त्या प्रेरणेनें खून झाला तर चिथावणारास खुनाचीच शिक्षा आहे. फक्त तें कोर्टापुढें आलें पाहिजे. तें येत नाहीं, कारण गडी मिठाला जागतो आणि गांव तोंड उघडीत नाहीं. कोण, कोणत्या दिवशीं, कोणाच्या ओसरीवर, कोणासमोर काय बोललें, हें ठाऊक असणारीं दहा माणसें प्रत्येक गांवांत असतात. आज या सभेंतहि असतील.

शेवटीं उपयोगाच्या दोन गोष्टी. वकिलास पैसे नाहींत म्हणून जमीन गहाण टाकूं नका. १९८७ च्या कायद्यान्वयें तालुक्याच्या कोर्टांतली विधि सेवा समिति फुकट वकील देते. कोठडींतला आरोपी, कोणतीहि स्त्री, अनुसूचित जातिजमातींतलीं माणसें, यांस तो हक्क आहे. १५१०० या फोनवरहि विचारतां येतें. ज्या वकिलास घ्याल त्यास खरें तें सर्व सांगा, किती प्यालों, कोणीं पाजली, आधीं काय बोलणें झालें, हें सर्व. रचलेली हकीकत उलटतपासणींत टिकत नाहीं. आणि ज्यांचा माणूस गेला त्या घरानेंहि ध्यानांत ठेवावें कीं, जिल्ह्याच्या विधि सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करतां येतो. विधवेनें हात जोडीत वाड्यावर जाण्याचें कारण नाहीं. अर्ज लिहावयाचा असेल तर शाळा सुटल्यावर आमच्याकडे या. कागद आमचा, शाई आमची, आणि तुमचें नांव कोणास कळणार नाहीं.

त्या मुलास आम्हीं दुसऱ्या दिवशीं वर्गाबाहेर नेऊन उत्तर दिलें. “बाळ, दारू प्यालें म्हणून खून पुसला जात नाहीं. तुझ्या चुलत्यानें काय केलें, तें त्याच्या मनांत होतें कीं नव्हतें, हें कोर्ट साक्षीपुरावा पाहून ठरवील.” तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “हें तिलाहि सांगाल का, गुरुजी?”

तिला आम्हीं अजून सांगितलेलें नाहीं. तिची आई आज येथें आली आहे. सभा संपल्यावर आम्ही त्यांच्या घरीं जाणार आहों.